रेझ्युमे राहू द्या, फॉर्म भरा!

आज हिंगणा एमआयडीसीत मेंटेनन्स इंजिनिअरच्या इंटरव्ह्यूला गेलो होतो. सीताबर्डीवरून मेट्रोनं लोकमान्य नगर, पुढे ऑटो. फाइलमध्ये दोन पानी रेझ्युमे, तीन रात्री जागून घासूनपुसून केलेला. गेटवरच्या मुलानं तो न बघताच टाचणी मारली आणि चार पानी फॉर्म पुढे सरकवला. "सर, हे भरा. पेन आहे ना?"

दहावीचे टक्के! वय ३४ माझं, राजेहो.

रेझ्युमेत मी काय सांगायचं ते मीच ठरवतो. २०२० मधले घरी बसलेले आठ महिने तिथं अलगद झाकले जातात, नुसतं वर्ष लिहिलं की झालं. फॉर्मात मात्र 'पासून-पर्यंत', महिन्यासकट. शेवटचा पगार, नोकरी सोडण्याचं कारण (चौकट दोन बोटांची!), आणि खाली सही: माहिती खोटी निघाल्यास नोकरी जाईल. चिडलो होतो, पण मान्य करतो, बाजूच्या पोराचा आणि माझा कागद एकाच मापानं बघायचा तर हाच उपाय.

फक्त एक खटकलं. कॉम्प्रेसरच्या लाइनमधली हवेची गळती शोधून वीजबिल खाली आणलं होतं, माझं सगळ्यात चांगलं काम, त्याला फॉर्मात जागाच नाही. 'इतर माहिती', एक ओळ. शेवटी पान उलटलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला पाइपलाइनचं स्केच काढूनच दिलं.

आत गेल्यावर प्लँट हेडनं तेच पान आधी उघडलं. अर्धा तास त्यावरच बोललो. दहावीचे टक्के कोणी विचारले नाहीत.