उंची चौपट, वेग दुप्पट: सीडर पॉइंटला वही घेऊन

सीडर पॉइंट या रोलर कोस्टरच्या मनोरंजन उद्यानाला निघायच्या आदल्या रात्री लेकीला वहीत एकच सूत्र लिहायला लावलं. उताराची उंची फुटांत घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं, आठानं गुणायचं. तळाशी पोचताना गाडी सेकंदाला किती फूट जाते ते मिळतं. गुरुत्वाकर्षणानं वेग दर सेकंदाला ३२ फुटांनी वाढतो, त्याची दुप्पट ६४, त्याचं वर्गमूळ ८. आम्ही शाळेत हे मीटरमध्ये शिकलो. २ गुणिले ९.८ चं वर्गमूळ तोंडी काढून दाखवा कुणीतरी! अमेरिकेतली फूट-इंचांची कटकट आयुष्यात पहिल्यांदाच आवडली. सेकंदाला ८८ फूट म्हणजे ताशी ६० मैल, एवढं आणखी लक्षात ठेवलं की झालं.

सीडर पॉइंट ओहायोत सॅन्डस्कीला, ईरी सरोवरात घुसलेल्या जमिनीच्या चिंचोळ्या पट्टीवर आहे. डेट्रॉइटहून गाडीनं दोनेक तास. सुट्टीतला मंगळवार निवडला, तरी रांगा होत्याच. पण या बेतात रांग हीच शाळा. वही-पेन्सिल मात्र बसण्याआधी खाली थांबणाऱ्याकडे द्यायची. चालत्या राइडमध्ये फोन काढायला बंदी आहे, त्यामुळे वेळ मोजायची तर तीही खालूनच.

खाली थांबणारा आमच्याकडे आयताच होता. आम्ही केलेल्या तिन्ही राइडना किमान ४८ इंच उंची लागते आणि आठ वर्षांचे चिरंजीव भरले ४६. रडारड झाली. घरीच मोजून, आधीच सांगून नेलं असतं तर वाचली असती. शेवटी त्याच्या हाती स्टॉपवॉच दिलं आणि पदही दिलं, ‘टायमर साहेब’. मग मात्र ऐट बघण्यासारखी.

पहिली ब्लू स्ट्रीक, १९६४ ची, लाकडी. उतार ७२ फूट. वर्गमूळ साधारण साडेआठ, आठानं गुणून ६८, म्हणजे ताशी ४६ मैल. उद्यानानं जाहीर केलेला वेग ४०. लेक हिरमुसली, ‘माझं चुकलं.’ मी म्हटलं, आधी बसून ये. उतरल्यावर म्हणाली, ‘आई, केवढी खडखडते गं!’ आमच्या सूत्रात घर्षण नाही, हवेचा विरोध नाही, खडखडाट तर नाहीच. हे सगळं वेगाच्या खात्यातून जातंच की. हे मी घरी बसून चारदा सांगितलं असतं तरी तिच्या गळी उतरलं नसतं, म्हणून सुरुवात लाकडीपासूनच करा.

मॅग्नम १९८९ ची. उतार १९५ फुटांचा. १४ चा वर्ग १९६, त्यामुळे गणित रांगेत दोन पावलं सरकेपर्यंत सुटलं: ११२ फूट, ताशी ७६ मैल. जाहीर ७२.

मिलेनियम फोर्स सन २००० ची, उतार ३०० फूट. १७ चा वर्ग २८९, म्हणजे सतराच्या जरा वर. उत्तर आलं ९४, जाहीर ९३! रांगेतल्या अनोळखी लोकांनीही टाळ्या दिल्या. मग लेक वहीची मागची पानं उलटू लागली. ब्लू स्ट्रीकचा उतार ७२, हिचा ३००, साधारण चौपट. पण आमचा वेग ४६ वरून ९४, फक्त दुप्पट. ‘मग उरलेली उंची गेली कुठे?’ या प्रश्नासाठीच तर आले होते मी! उत्तर सांगितलं नाही. ४, १६, ६४ ची वर्गमुळं काढ म्हटलं. बाबांच्या वजनानं गाडी जास्त पळाली का, हाही वाद झाला. सूत्रात वजन कुठे आहे ते शोध, एवढंच सांगितलं. बाबा खूश.

इकडे टायमर साहेबांनी आख्खी फेरी मोजली होती, दोन मिनिटं वीस सेकंदांच्या आसपास. रूळ ६,५९५ फूट. भागाकार केला तर सरासरी निघाली ताशी ३२ मैल. ‘एवढीच?’ दोघंही नाराज. वर चढतानाची कूर्मगती त्यात धरली आहे, हे धाकट्याच्याच आधी लक्षात आलं.

सरोवराकडून वारा सुटला किंवा विजा चमकल्या की उंच राइड बंद होतात, तेव्हा मोठी सकाळीच उरका. आमची मिलेनियम फोर्स तासभर अडकली होती. कॅल्क्युलेटर नेऊ नका. आणि तीनच राइडचं गणित करा, बाकी दिवस मुलांना नुसतं ओरडू द्या.

परतताना लेकीनं मागच्या सीटवरून जाहीर केलं, मिलेनियम फोर्सच्या दुप्पट वेग हवा तर १,२०० फुटांचा उतार लागेल, आयफेल टॉवरपेक्षा उंच. धाकट्यानं विचारलं, ‘त्याला किती इंच लागतील?’