तुम्ही विचारलंत म्हणून : डेस्कटॉपमध्ये वेगळे साउंड कार्ड टाकावे का?

जळगावात संगणक जोडून देणे हा माझा व्यवसाय आहे आणि जमेल तेव्हा मी भजनी मंडळांची व अहिराणी गाण्यांची ध्वनिमुद्रणेही करून देतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे दोन वेगळ्या वाटांनी येतो. गोलाणी मार्केटमधून भावांची चौकशी करून आलेला ग्राहक विचारतो, "भाऊ, मदरबोर्डावर आवाजाची सोय आहेच, तरी वेगळे कार्ड टाकले तर फरक पडेल का?" आणि अमळनेर, साक्री, शिरपूरकडची गाणारी-वाजवणारी मुले विचारतात, "दादा, रेकॉर्डिंगसाठी कोणते कार्ड घेऊ?" दोघांनाही मी एकच सांगतो. कॅबिनेटच्या आत बसणारे साउंड कार्ड आज बहुतेकांनी घेऊ नये. ज्यांना चांगल्या आवाजाची खरोखर गरज आहे, त्यांनी तोच पैसा कॅबिनेटच्या बाहेर राहणाऱ्या उपकरणावर, स्पीकरवर आणि घराच्या अर्थिंगवर खर्च करावा. एवढ्याने कोणाचे समाधान होत नाही, म्हणून कारणे सविस्तर लिहितो.

एके काळी हे कार्ड अत्यावश्यक होते, यात शंका नाही. सुरुवातीच्या पीसीमध्ये आवाजाच्या नावाखाली केवळ 'टूं' करणारा लहानसा स्पीकर असे. १९८७ साली अ‍ॅडलिब कार्ड आले, १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने साउंड ब्लास्टर आणले आणि १९९२ च्या साउंड ब्लास्टर १६ ने सीडीच्या दर्जाचा, म्हणजे १६ बिट व ४४.१ किलोहर्ट्‌झचा स्टिरिओ आवाज घरच्या संगणकावर आणला. प्रोसेसरची ताकद तेव्हा इतकी तोकडी होती की अनेक आवाज एकत्र मिसळण्याचे आणि वाद्यांचे सूर निर्माण करण्याचे काम कार्डावरच्या चिपला करावे लागे. पुढे इंटेलने १९९७ मध्ये एसी ९७ आणि २००४ मध्ये एचडी ऑडिओ ही मानके आणली, आकडेमोड प्रोसेसरकडे गेली आणि बोर्डावर कोडेक नावाची एक छोटी चिप उरली, जी आकड्यांचे विद्युत्‌लहरीत आणि विद्युत्‌लहरींचे आकड्यांत रूपांतर करते. गेमसाठी कार्ड घेणाऱ्यांचे कारण २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टाने संपवले, कारण खेळातला आवाज थेट कार्डाच्या चिपकडे सोपवण्याचा जुना मार्गच तिने बंद केला. शत्रूची पावले डावीकडून येतात की मागून, हा हिशेब आज गेम स्वतःच करतो, आणि तो चुकत नाही.

बोर्डावरचा आवाज वाईट असतो, हा समज पंचवीस वर्षांपूर्वीच्या अनुभवावर उभा आहे. त्या काळी माउस हलवला तरी हेडफोनमध्ये चरचर ऐकू येई, हे अगदी खरे. आजच्या स्वस्त बोर्डावरच्या कोडेकचेही सिग्नल आणि खरखर यांतले अंतर कागदावर ९५ ते ९७ डेसिबल असते, म्हणजे सीडीच्या सैद्धान्तिक ९६ डेसिबलच्या बरोबरीचे, आणि वरच्या श्रेणीच्या बोर्डांवर दिसणाऱ्या रिअलटेकच्या एएलसी १२२० या चिपसाठी तोच आकडा १२० सांगितला जातो. प्रत्यक्ष बोर्डावर बसल्यावर हे आकडे काहीसे उतरतात. तरीही मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांकडे सरकतो, खोलीत कूलर आणि पंखा दोन्ही चालू असतात आणि त्यांचाच आवाज ५० डेसिबलच्या वर जातो. त्या खोलीत बसून बोर्डाची खरखर आणि कार्डाची खरखर यांतला फरक ओळखणे कोणत्याही कानाला शक्य नाही. दोनशे-तीनशे रुपयांचे डबडे स्पीकर लावून महागडे कार्ड घेणाऱ्याला तर मी स्पष्ट नकार देतो.

त्याआधी एक गोष्ट मात्र जरूर तपासा, कारण विचारणाऱ्यांपैकी अनेकांच्या बाबतीत प्रश्न तिथेच मिटतो. तुम्ही ब्लूटूथ हेडफोन वापरत असाल, यूएसबीचा हेडसेट वापरत असाल किंवा आवाज एचडीएमआयमधून टीव्ही-मॉनिटरकडे जात असेल, तर आकड्यांचा आवाज करणारी चिप त्या त्या उपकरणात बसलेली असते. आत घातलेल्या कार्डाकडे तो आवाज जातच नाही.

आता खरखर आणि घुंई यांविषयी सांगतो, कारण 'कार्ड टाकायचे आहे' म्हणणाऱ्यांची खरी तक्रार बहुधा हीच असते. कॅबिनेटच्या पुढच्या जॅकमध्ये हेडफोन लावला की चरचर येते आणि ग्राफिक्स कार्डावर ताण आला की ती वाढते. पुढच्या जॅकची तार बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यातून निघून ग्राफिक्स कार्ड आणि पंख्यांच्या जवळून पुढे जाते आणि वाटेत आजूबाजूची विद्युत गडबड गोळा करते. तोच हेडफोन मागच्या हिरव्या जॅकमध्ये लावून पाहावा. कित्येकदा चरचर तिथेच थांबते आणि एक रुपयाही खर्च होत नाही.

अ‍ॅम्प्लिफायरला जोडल्यावर येणारी जाड, अखंड घुंई हे वेगळे दुखणे आहे आणि आमच्या भागात त्याचे मूळ बहुतेक वेळा जमिनीत असते. जुन्या घरांत तीन पिनांचे सॉकेट असते, पण तिसरी पिन कुठेच जोडलेली नसते, किंवा जोडलेली असली तरी अर्थिंगचा खड्डा वर्षानुवर्षे कोणी पाहिलेला नसतो. कोळसा आणि मीठ घालून केलेल्या त्या खड्ड्याला ओल लागते. उन्हाळ्यात आपली काळी माती भेगाळली की अर्थिंग नावापुरतीच उरते. संगणकाच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे त्याला वीज पुरवणाऱ्या डब्यात, गडबड गाळणारे छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांपासून कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग चांगली असेल तर त्यांतून येणारा अतिसूक्ष्म प्रवाह जमिनीत निघून जातो. ती नसेल तर पत्र्यावर वीजदाबाच्या साधारण निम्मा दाब तरंगत राहतो. उघड्या पायांनी कॅबिनेटला हात लावला की बोटांना येणाऱ्या मुंग्या आणि टेस्टरचा मंद उजळणारा दिवा ही त्याचीच खूण आहे. हाच प्रवाह ऑडिओच्या तारेतून अ‍ॅम्प्लिफायरकडे वाट काढतो आणि घुंई ऐकू येते. आत बसवलेले साउंड कार्ड त्याच एसएमपीएसवर चालते आणि त्याच पत्र्याला स्क्रूने घट्ट केलेले असते, मग त्याने ही घुंई कशी जावी? वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावी, खड्ड्यात पाणी घालावे, संगणक आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच स्विचबोर्डावरून चालवावेत. एवढे करूनही घुंई राहिली, तर मदरबोर्डाला ऑप्टिकल जोडणी असल्यास ती वापरावी, कारण प्रकाशाच्या तारेतून वीज जातच नाही. नसल्यास ऑडिओच्या तारेत लहान आयसोलेटर ट्रान्सफॉर्मर घालावा. आवाज घालवण्यासाठी प्लगची तिसरी पिन तोडण्याचा जो सल्ला गावोगावी दिला जातो, तो कोणी ऐकू नये. त्याने आवाज गेला तरी बिघाडाच्या वेळी पत्र्यात पूर्ण दाब उतरतो आणि माणूस जातो.

ध्वनिमुद्रण करणाऱ्यांचे उत्तर याहून लांब आहे आणि मला ते अधिक महत्त्वाचे वाटते. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, झोक्यावर म्हटली जाणारी गाणी, कानबाई या खानदेशी देवीच्या रोटाच्या सणाची गाणी, लग्नातल्या हळदीची गाणी ज्या बायकांना अजून तोंडपाठ आहेत, त्या वयाने थकल्या आहेत, आणि त्यांच्या नातवंडांनी ती मुद्रित करायला घेतली आहेत याचा मला मनापासून आनंद आहे. अशी मुले पहिल्यांदा एक कंडेन्सर माइक मागवतात, तो बोर्डावरच्या गुलाबी जॅकमध्ये जोडतात आणि आवाज अगदी बारीक, खरखरीत आला की कार्ड टाकायला निघतात. वास्तविक स्टुडिओच्या कंडेन्सर माइकला त्याच्या तारेतूनच दिला जाणारा ४८ व्होल्टचा वीजदाब, म्हणजे फँटम दाब, लागतो. गुलाबी जॅक अवघे काही व्होल्ट देतो, तेही हेडसेटवरच्या इवल्याशा माइकसाठी. घरगुती साउंड कार्डांचा माइक जॅकही याच जातीचा असतो, त्यामुळे कार्ड बदलून मूळ अडचण जशीच्या तशी राहते. अशा कामासाठी यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्यावा. त्यात तीन पिनांच्या एक्सएलआर माइकची जागा, ४८ व्होल्टचे बटण, आवाज वाढवणारा चांगला प्रीअ‍ॅम्प आणि हातात येणारी गोल खुंटी असते, आणि साध्या इंटरफेसची किंमत मध्यम साउंड कार्डाच्या फार पुढे जात नाही. शिवाय तो पिशवीत घालून लॅपटॉपसह आजीच्या ओट्यावर नेता येतो, जे कॅबिनेटमधल्या कार्डाला कधीच जमणार नाही.

दुसरी गोष्ट उशिराची. गाणाऱ्याने स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये ऐकत गायचे असेल आणि तो विंडोजच्या नेहमीच्या मार्गाने फिरून येत असेल, तर तो कानावर येईपर्यंत पुढचा शब्द तोंडातून निघालेला असतो आणि लय मोडते. इंटरफेससोबत येणारा एएसआयओ ड्रायव्हर हा फेरा टाळतो. ४८ किलोहर्ट्‌झवर १२८ नमुन्यांचा बफर (आवाजाचे तुकडे क्षणभर साठवणारी जागा) ठेवला तर त्या एका टप्प्याला २.७ मिलिसेकंद लागतात आणि जाऊन-येऊन होणारा एकूण उशीर गाणाऱ्याला जाणवत नाही. बहुतेक इंटरफेसवर माइकचा आवाज संगणकात न जाता थेट हेडफोनकडे वळवण्याची सोयही असते. गाण्यासाठी मी तीच सुचवतो. ज्या खोलीत मुद्रण करायचे, तिथे गोधड्या टांगाव्यात आणि कूलर थोडा वेळ बंद ठेवावा. उपकरणाच्या किमतीने जेवढा फरक पडतो, त्याहून कितीतरी अधिक फरक यानेच पडलेला मी ऐकला आहे.

मग आतले कार्ड कोणी घ्यावेच नाही का? थोडे लोक आहेत. २५० किंवा ३०० ओहमचे, म्हणजे जास्त रोधाचे, हेडफोन वापरणाऱ्याला बोर्डाचा आवाज कमी पडू शकतो, आणि चांगल्या कार्डावर त्यासाठी स्वतंत्र अ‍ॅम्प असतो. अर्थात बाहेरचा यूएसबी डॅक-अ‍ॅम्पही (आकड्यांचा आवाज करणारी चिप आणि अ‍ॅम्प एकत्र असलेला डबा) ते काम करतो आणि उद्या लॅपटॉप घेतला तरी उपयोगी पडतो. ज्यांच्याकडे जुनी ५.१ ची स्पीकर व्यवस्था सुस्थितीत आहे आणि टेबलावर आणखी एक डबा नको आहे, त्यांनी कार्ड घेतले तर मी अडवत नाही. घेण्यापूर्वी मात्र कॅबिनेट उघडून पाहावे. जुनी पीसीआय कार्डे आजच्या बोर्डांत बसत नाहीत, आणि लहान आकाराच्या बोर्डावर पीसीआय एक्सप्रेसचा छोटा स्लॉट जाड ग्राफिक्स कार्डाखाली झाकला गेलेला असतो. तो मोकळा असला तरी कार्ड त्या तापलेल्या, गडबडीच्या शेजाराला चिकटूनच बसते. पावसाळ्यात वीज पडून बोर्डाचा ऑडिओ जॅक गेला असेल, तर काही शे रुपयांचा यूएसबी साउंड अ‍ॅडॉप्टर लावावा आणि काम सुरू करावे.

जुन्या कॅसेटींविषयीही हल्ली पुष्कळ विचारणा होते. गावच्या तमाशाचे वग, भारुडे, वडिलांनी टेपरेकॉर्डरवर भरून ठेवलेली कीर्तने संगणकावर घ्यायची असतात आणि त्यासाठी खास कार्ड लागेल असे अनेकांना वाटते. तसे ते लागत नाही. डॉल्बी या सळसळ कमी करणाऱ्या सोयीविना भरलेल्या साध्या कॅसेटमध्ये सर्वांत मोठा आवाज आणि फितीची स्वतःची सळसळ यांत ५०-६० डेसिबलचेच अंतर असते, आणि साध्यातल्या साध्या बोर्डाची पोच त्याच्या बरीच पलीकडे आहे. टेपरेकॉर्डरचे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यावे, त्याच्या लाइन-आउटमधून, किंवा ते नसल्यास हेडफोनच्या जॅकमधून, तार काढून बोर्डाच्या मागच्या निळ्या लाइन-इन जॅकमध्ये लावावी. गुलाबी जॅकमध्ये लावली तर आवाज फाटेल. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर उघडून पातळी अशी ठेवावी की सर्वांत मोठा आवाजही शून्याच्या, म्हणजे कमाल मर्यादेच्या, सहा डेसिबल खालीच राहील. मुद्रण वेव्ह फाइलमध्येच साठवावे, वाटण्यासाठी हवी असल्यास त्यावरून एमपी३ वेगळी करावी, आणि फाइल दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवावी. कॅसेट त्यानंतरही टाकून देऊ नये. फीत एखाद्या ठिकाणी चिकटून आवाज दबला असेल, तर तेवढा भाग पुन्हा त्याच कॅसेटवरून घ्यावा लागतो.