महिने माझे, मिनिटं त्याची

माणूस कामावर कसा घ्यावा हे सांगणारे पैशाला पासरी मिळतात. मुलाखतीत काय विचारावं, बायोडेटा कुठून वाचायला घ्यावा, पगाराची बोलणी कुठवर ताणावीत, यावर कुणीही तासभर बोलेल. माणूस कामावरून कसा काढावा, हे मात्र कुणी शिकवत नाही. ज्यांनी हे केलेलं असतं ते त्याबद्दल बोलत नाहीत, आणि जे फुशारकीनं बोलतात त्यांनी बहुतेक वेळा ते एचआरकडून करवून घेतलेलं असतं. मी टीमची प्रमुख झाले तेव्हा कामांची एक यादी हातात आली होती. रजा मंजूर करणे, कामाचं वाटप करणे, अप्रेझल म्हणजे वर्षभराच्या कामाचं मूल्यमापन भरणे वगैरे. अगदी तळाला एक ओळ होती : 'गरज भासल्यास सेवासमाप्तीची शिफारस करणे.' बाकीच्या कलमांवर मी चार प्रश्न विचारले, या ओळीवर एकही नाही.

खोटी बिलं लावणारा, सहकाऱ्याच्या अंगावर धावून जाणारा, अशांना नारळ देणं त्यातल्या त्यात सोपं. निम्मं पत्र त्यांनी स्वतःच लिहून ठेवलेलं असतं. पंचाईत होते ती सालस माणसाची. आमचा हा सहकारी वेळेवर यायचा, कधी आवाज चढवून बोलला नाही, नव्यानं लागलेल्यांना ऑफिस दाखवायला आपणहून उठायचा. रागावून फोन करणारे ग्राहक चुकून त्याच्याकडे जोडले गेले, तर दोन मिनिटांत निवळायचे. पण त्याची नेमणूक आकडे तपासून रिपोर्ट करण्यासाठी होती, आणि आकड्यांचं आणि त्याचं जमत नव्हतं. ग्राहकसेवेत जागा आहे का, हे मी विचारून पाहिलं होतं. नव्हती.

त्याच्या चुका बरेच दिवस बाहेर आल्या नाहीत, कारण शेजारी बसणारी मुलगी संध्याकाळी थांबून त्या गुपचूप निस्तरायची. एकाचं अडलेलं काम असं दोघा-तिघांत वाटलं गेलं की वरून पाहणाऱ्याला सगळं आलबेल दिसतं. कागदावर तर तो गुणी कर्मचारी होता. ज्यांनी त्याला निवडलं त्यांनीच त्याची अप्रेझलं भरली होती आणि 'होतकरू' हा शेरा दर वर्षी न चुकता दिला होता. डेव्हिड शूरमन या अभ्यासकानं १९८८ मध्ये नेमकं हेच तपासलं होतं. एखाद्याला घ्यावं असं ज्या वरिष्ठांनी मत दिलेलं असतं, ते पुढे त्याच्या कामाला जास्त गुण देतात. ज्यांचा विरोध डावलून माणूस घेतला गेला, ते कमी देतात. मी त्याच्या निवडीच्या वेळी तिथे नव्हतेच, त्यामुळे या दोन्हींपैकी एकही सबब माझ्या कामाची नव्हती.

तरीही दिवस गेले. वाईट बातमी सांगणं माणूस टाळतो, अगदी त्या बातमीत स्वतःचा काडीचा हात नसला तरी टाळतो, हे सिडनी रोझेन आणि अब्राहम टेसर या मानसशास्त्रज्ञांनी १९७० मध्ये प्रयोगातून दाखवलं होतं. मग ज्या बातमीवर आपलीच सही असणार, तिची काय कथा! 'हा महिना जाऊ दे', 'आधी ऑडिट उरकू दे', 'त्याच्या घरी काहीतरी चाललंय म्हणे' अशी कारणं मला न शोधता सापडत होती. आणि प्रत्येक कारण दयाळूपणाचं होतं, ही त्यातली गंमत. त्या दयेचा हिशेब शेजारची मुलगी संध्याकाळी थांबून चुकता करत होती.

शेवटी त्याच्याशी मोकळं बोलले. कुठे चुकतंय, काय सुधारायला हवं, किती अवधी आहे, सगळं लेखी दिलं. कार्यालयीन भाषेत याला कामगिरी सुधारणा योजना म्हणतात. बऱ्याच ठिकाणी हे नाटक असतं. निकाल ठरलेला असतो, फक्त फाइल जाड करायची असते, आणि समोरच्यालाही ते कळत असतं. अशा वेळी सुधारणा हा शब्द वापरणाऱ्यांचं मला नवल वाटतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९८२ मध्ये सेवासमाप्तीविषयी एक करार आणि त्याच्या जोडीनं एक शिफारस संमत केली. काढायला कर्मचाऱ्याच्या क्षमतेशी, वर्तनाशी किंवा उद्योगाच्या गरजेशी निगडित असं ठोस कारण हवं आणि त्याला आपली बाजू मांडता यायला हवी, हे करारात आहे. काम असमाधानकारक असेल तर आधी नीट सूचना द्या, लेखी समज द्या, सुधारायला वाजवी अवधी द्या, हे शिफारशीत आहे. कायद्याची भाषा कोरडी असते म्हणतात, पण या ओळी लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे टेबलाच्या पलीकडचा माणूस असणार. मी त्याला पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं की हे जमलं नाही तर नोकरी राहणार नाही. त्यानं मान हलवली, वहीत काहीतरी लिहूनही घेतलं.

अवधी संपला. एक-दोन गोष्टी सुधारल्या, मुख्य ती सुधारली नाही. निर्णय झाला, वरून मंजुरी आली, पत्राचा मसुदा तयार झाला. आणि त्याच आठवड्यात त्यानं पुढच्या महिन्यातल्या रजेचा अर्ज पाठवला.

आता या अर्जाचं काय करायचं? मंजूर करावा तर लबाडी, नामंजूर करावा तर कारण कोणतं लिहायचं? मी तो तसाच ठेवला. आमची संगणकप्रणाली मोठी कर्तव्यतत्पर. 'एक अर्ज आपल्या निर्णयाच्या प्रतीक्षेत आहे' अशी आठवण ती मला रोज सकाळी करून द्यायची. त्या अर्जानं मला एक गोष्ट दाखवली. लेखी समज मिळालेला माणूससुद्धा पुढच्या महिन्याचे बेत करत असतो. हा निर्णय मी किती महिने अंगावर वागवत होते! त्यावर चिडून झालं होतं, हळहळून झालं होतं, झोप उडवून झाली होती, मनाची समजूत घालून झाली होती. माझ्यापुरती गोष्ट संपत आली होती. त्याची सुरू व्हायची होती, आणि ती ऐकून घ्यायला त्याला मिळणार होती जेमतेम काही मिनिटं.

हे एकदा लक्षात आलं आणि मग बाकीचं ठरवणं सोपं गेलं. वार कोणता? शुक्रवारी संध्याकाळी सांगावं, असा सल्ला मला दोघा-तिघांनी दिला. ऑफिस रिकामं असतं, तमाशा होत नाही, सोमवारपर्यंत सगळं थंडावतं. कुणासाठी थंडावतं? ज्याची नोकरी गेली त्याला शंका विचारायला दोन दिवस कुणी भेटत नाही, दुसरीकडे चौकशी करावी तर सगळीकडे सुट्टी. आठवड्याच्या मध्यावर, सकाळी, असं मी ठरवलं. एचआरमधल्या ज्येष्ठ बाईंनी एवढंच बजावलं, "पहिल्या वाक्यात सांगून मोकळी हो. हवापाण्याच्या गप्पा मारत बसू नकोस, त्या त्याला जन्मभर आठवतील."

बातमी तशीच सांगितली. "आपली इथली नोकरी आज संपते आहे," हे वाक्य मी आरशासमोर घोटून गेले होते. एरवी मी त्याला अरे-तुरे करायचे. त्या खोलीत मात्र तोंडून 'आपण' आणि 'तुम्ही'च येत राहिलं, आणि मध्येच मला जाणवलं की माझ्या या अचानक आलेल्या आदरानं तो जास्त घाबरलाय. मी परत 'तू'वर आले.

एक वाक्य मी हट्टानं गिळलं : 'मलाही खूप वाईट वाटतंय.' ते खरं होतं. पण ते उच्चारलं असतं तर उत्तर देण्याची जबाबदारी त्याच्यावर पडली असती, आणि तो इतका भला की त्यानं माझंच सांत्वन केलं असतं. कारणांवर पुन्हा वाद घालायचा नाही, हेही ठरवलं होतं. त्यानं कारण विचारलंच नाही. बराच वेळ पत्राकडे पाहत राहिला आणि म्हणाला,

"म्हणजे त्या रजेचं काय?"

क्षणभर मला हसावं की काय करावं कळेना. पण मोठी बातमी डोक्यात मावत नाही तेव्हा माणूस तिचा एखादा हातात धरण्याजोगा तुकडा पकडतो. मी त्याला सांगितलं की शिल्लक रजेचे पैसे मिळतील, नोटिशीच्या काळाचा पगार मिळेल, फुल अँड फायनलची, म्हणजे शेवटच्या हिशेबाची, तारीख पत्रात आहे, अनुभवाचं प्रमाणपत्र सोबतच जोडलंय. त्यातलं त्याच्या कानात काही शिरलं असेल असं वाटत नाही. म्हणूनच ते सगळं कागदावर असावं लागतं आणि दोन दिवसांनी फोन करून पुन्हा सांगावं लागतं.

फ्रान्समध्ये या वेळेचा विचार थेट कायद्यात केलेला आहे. तिथे आधी बैठकीचं लेखी बोलावणं द्यावं लागतं, ते मिळाल्यावर किमान ५ कामाचे दिवस जावे लागतात, मग बैठक होते, आणि बैठकीनंतर लगेच पत्र देता येत नाही. आणखी किमान २ दिवस थांबावं लागतं. मालकानं ऐकावं, घरी जावं, विचार करावा आणि मग लिहावं, अशी अपेक्षा. बहुतेकांचं आधीच ठरलेलं असणार, पण कायद्यानं निदान तसं न दाखवण्याची सक्ती केली आहे. जर्मनीत काढल्याचं पत्र कागदावर आणि सहीनिशी लागतं, ईमेल चालत नाही. आणि ज्याला ते मान्य नाही त्याला कोर्टात जायला ३ आठवडे मिळतात. दुसऱ्या टोकाला अमेरिका. तिथल्या बहुतेक राज्यांत खासगी नोकरीत नोटीस न देता, कारण न सांगता काढता येतं. १९८७ मध्ये वेगळा कायदा करणारं माँटाना हे राज्य त्याला ठळक अपवाद. २०२१ च्या डिसेंबरात एका अमेरिकन कंपनीच्या प्रमुखानं झूमवरच्या एका छोट्याशा कॉलमध्ये सुमारे ९०० जणांना एकदम घरी पाठवलं होतं. तुम्ही या कॉलवर आहात याचाच अर्थ तुमची नोकरी गेली, असा त्याचा मामला होता. कॉलची चित्रफीत जगभर फिरली आणि पुढे त्या प्रमुखाला माफी मागावी लागली.

काढताना नीट वागलं तर खटले कमी होतात, असंही संशोधन आहे. अॅलन लिंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोकरी गेलेल्या ९९६ जणांशी बोलून २००० मध्ये ते प्रसिद्ध केलं. काढताना खरं सांगितलं गेलं आणि मान राखला गेला असं ज्यांना वाटलं, त्यांच्यात कोर्टाचा विचार करणारे कितीतरी कमी निघाले. व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणांत हा मुद्दा मोठ्या उत्साहानं सांगतात. मला तो ऐकताना अवघडल्यासारखं होतं. माणसाशी सभ्यपणे वागायला कोर्टाची भीती लागत असेल, तर त्या सभ्यतेचा सूर ऐकणाऱ्याला कळतोच.

सगळ्यात जास्त घासाघीस मला आयटीशी करावी लागली. त्यांचा नियम असा की बैठक सुरू व्हायच्या आधी त्या माणसाचा पासवर्ड बंद करायचा. बैठकीला पाच मिनिटं उशीर झाला तर त्याला आपली नोकरी गेल्याचं संगणकाकडून कळणार! जिथे मोठी गुपितं सांभाळायची असतात तिथे या नियमाला अर्थ असेलही. आमच्याकडे अशी कोणती गुपितं होती? मी संध्याकाळपर्यंतची मुदत मागून घेतली. त्यानं तेवढ्या वेळात सगळ्यांना निरोपाची मेल लिहिली आणि सवयीप्रमाणे चुकीच्या ग्रुपला पाठवली. ती संपूर्ण कंपनीला गेली. नंतर अनोळखी विभागांतूनही त्याला शुभेच्छा आल्या.

टीमला मी फारसं काही सांगितलं नाही; सांगायचं नसतंच. कारणं त्याची होती, वाटायचा हक्क मला नव्हता. पुढचे काही दिवस सगळे वेळेच्या आधी येत होते आणि रिपोर्ट असे बिनचूक की त्यांची भीती वाटावी. एकेकाला बोलावून 'तुझा नंबर नाहीये' असं वेगवेगळ्या शब्दांत सांगावं लागलं. इतके दिवस त्याच्या चुका निस्तरणारी ती मुलगी खूश होईल अशी माझी अटकळ होती. ती माझ्याशी पंधरवडाभर धड बोलली नाही. मग एकदा लिफ्टमध्ये म्हणाली, "मी थांबत होते ना. चाललं होतं ना." तिला काय उत्तर द्यायचं ते अजून मला सुचलेलं नाही.

बऱ्याच महिन्यांनी एका दुसऱ्या कंपनीकडून त्याच्याविषयीचा फॉर्म आला. कधीपासून कधीपर्यंत होता, पद कोणतं, वर्तन कसं, हे सगळं भरलं. शेवटचा प्रश्न होता : 'या व्यक्तीस पुन्हा नोकरीवर घ्याल का?' पुढे दोनच चौकोन, 'होय' आणि 'नाही'. शेऱ्याला जागा नाही, आणि कोरा सोडला तर फॉर्म पुढे सरकत नाही. शेवटी मी त्यांना फोन लावला आणि नेमकं काम काय देणार आहात ते विचारलं. ग्राहकांच्या तक्रारी ऐकण्याचं होतं. मग मी बरंच बोलले. आकडे त्याच्याकडे देऊ नका म्हणाले, रागावलेली माणसं बेलाशक द्या म्हणाले, अशी जागा आमच्याकडे तेव्हा असती तर मी त्याला सोडलाच नसता, हेही सांगितलं. पलीकडच्या मुलीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम," ती म्हणाली, "म्हणजे मी 'होय' धरू की 'नाही'?"