जाणीतुं वगाडो ने!

"भाई, कंईक जाणीतुं वगाडो ने!" काल बडोद्यात अलकापुरीतल्या कॅफेत बँडचं जेमतेम दुसरं गाणं चालू होतं, तेवढ्यात मागून कुणीतरी गुजरातीत ओरडलं. म्हणजे, काहीतरी ओळखीचं वाजवा ना! गाणं त्या पोरांनी स्वतः बांधलेलं.

बेसवाल्याने मान वर केली नाही. गिटारवाल्याने मात्र पायाशी चिकटपट्टीने लावलेल्या यादीकडे पाहिलं, पुढचं गाणं गाळलं आणि थेट जुनं फिल्मी गाणं धरलं. लगेच टाळ्या, सगळे मोबाइल वर.

मला फार लागलं ते. १९९० मध्ये दिल्लीत 'इंडियन ओशन' हा बँड सुरू झाला, तेव्हा त्यांची गाणी कुणाच्या ओळखीची होती? आणि हे तर बडोदं. सयाजीरावांनी १८८६ मध्ये गायनशाळा काढली ते गाव!

त्या पोरांचा पुढचा कार्यक्रम कुठे आहे, कुणाला माहीत आहे का? मला त्यांची स्वतःची सगळी गाणी ऐकायची आहेत.