तिवराची मुळं आणि आमच्या सोसायटीचा ब्लोअर

मागच्या आठवड्यात भाचीला घेऊन ठाणे खाडीकाठच्या ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रात गेले होते, फ्लेमिंगो दाखवायला म्हणून, पण सीझन संपत आलेला त्यामुळे लांबवर एक गुलाबी रेघ दिसली तेवढीच. ओहोटी होती, सगळा चिखल उघडा पडलेला आणि त्यातून उलट्या खोचलेल्या पेन्सिलींसारखी तिवराची, म्हणजे खारफुटीच्या झाडाची, मुळं वर आलेली, जिकडे बघावं तिकडे तीच. भाचीने विचारलं, मावशी हे काय उगवलंय? मी उत्तर शोधतेय तोवर बाजूचे एक कोळी काका म्हणाले, "झाडाचं नाक हाय ते पोरी. चिखलात हवा नाय ना, मंग वरशी घेतंय."

ते नाक माझ्या डोक्यातून जाईना, कारण त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये एसटीपीच्या (सांडपाणी साफ करायच्या प्लांटच्या) ब्लोअरवरून वाद झाला होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, एसटीपीच्या टाकीत घाण खाणारे बॅक्टेरिया असतात, त्यांना हवा लागते आणि ती हवा खाली मारायला ब्लोअर दिवसरात्र चालवावा लागतो, तो थांबला की पाणी सडतं आणि वास सुटतो. लाइटबिल वाचवायला आमच्याकडे रात्री ब्लोअर बंदच ठेवायचे हे मला त्या मीटिंगमध्ये कळलं आणि खरंच खूप वाईट वाटलं, कारण ते पाणी नाल्यातून जातं कुठे तर याच खाडीत, जी २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत आली.

आता तिवराचं बघा. त्या पेन्सिलीसारख्या मुळांवर बारीक छिद्रं असतात, आतून मूळ स्पंजासारखं पोकळ, तिथून हवा खालच्या मुळांपर्यंत जाते आणि थोडी आजूबाजूच्या चिखलातही झिरपते, मग हवेवर जगणारे बॅक्टेरिया मुळाला धरून वाढतात. म्हणजे ब्लोअर मुळातच आहे, मीटर नाही, मोटर नाही. पाणथळ जागेतल्या बऱ्याच झाडांची हीच युक्ती आहे आणि तिचीच नक्कल करून सांडपाणी साफ करायची पद्धत आपल्याकडे आहेसुद्धा! नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने फायटोरिड नावाचं तंत्र तयार केलंय, त्यात आधी गाळ बसवून घेतलेलं पाणी खडीच्या थरातून सावकाश उताराने सोडतात, वर कर्दळ, पाणकणीस अशी झाडं लावलेली, पाणी खडीच्या खालूनच वाहतं म्हणून डास होत नाहीत आणि वासही फारसा येत नाही. जागा मात्र लागते, हे खरं, टॉवरच्या बेसमेंटमध्ये हे होणार नाही. पण आमच्या मागच्या कंपाऊंडला लागून जी लांब पट्टी आहे तिथे भंगार सायकली पडल्यात वर्षानुवर्षं.

मीटिंगमध्ये एकजण म्हणाले अहो ताई, खाडी आहे ना, ती करते साफ. हे ऐकून मला राहवलं नाही. त्या नाकावर तेलाचा थर बसला, गाळ साचला, प्लास्टिकची पिशवी अडकली की छिद्रं बुजतात आणि झाड गुदमरतं, मी त्या दिवशी बघितलंय, एका मुळाला वेफर्सचं पाकीट टोपीसारखं बसलेलं. खाडीकडून शिकायचं ते आपल्या दारात करायला, सगळं तिच्याच गळ्यात घालायला नाही.

म्हणून मी सध्या छोटंसं सुरू केलंय. तळमजल्याच्या आमच्या गॅलरीबाहेर एक निळा ड्रम आडवा कापून त्यात खडी भरली, शेजारच्या काकूंकडून कर्दळीचे चार कंद आणले आणि वॉशिंग मशीनचं पाणी त्यात सोडतेय. कर्दळीने तीन आठवड्यांत नवीन पानं काढली. बाहेर येणारं पाणी पूर्वीसारखं दुधाळ नाही, साबणाचा वासही बराच कमी झालाय, ते मी कुंड्यांना घालते.

अडचण एकच, खडी चोकअप होते, कपड्यांचे तंतू इतके निघतात की विचारू नका, आणि त्यात पॉलिएस्टरचे म्हणजे प्लास्टिकच. यावरही समुद्रातच उत्तर दिसतंय. आपल्या पाकटाचा मोठा नातेवाईक मांटा रे, त्याच्या कल्ल्यांमधली गाळणी तुंबत नाही, २०१८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की पाणी फटीतून निघून जातं आणि कण फटीत न अडकता कडांवर आपटून उडून पुढे जातात, फटीपेक्षा बारीक कणसुद्धा. अशी गाळणी मशीनमध्ये बसवून मिळाली तर मी पहिली रांगेत उभी राहीन. तोवर पाइपच्या तोंडाला आईची जुनी सुती साडी चार पदरी बांधलीय, दर दोन दिवसांनी सोडून बघते तर राखाडी लगदा जमलेला असतो, मुठीत मावेल एवढा.