३७ चिठ्ठ्या

ठाण्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकवते. अकरावी कला, हजेरीत ६४ मुलं, धडा प्रतिनिधित्वाचा. सर्वांत जास्त मतं त्याला जागा ही एक आणि मतांच्या प्रमाणात जागा ही दुसरी, अशा दोन निवडणूक पद्धतींची तुलना फळ्यावर लिहायची आणि मुलांनी ती उतरवून घ्यायची, असंच इतकी वर्षं करत आले. त्या दिवशी मात्र खडू बाजूला ठेवला आणि वर्गातच निवडणूक घेतली.

बाकांच्या चार रांगा म्हणजे चार मतदारसंघ, प्रत्येकी १६ मतदार. पक्ष मुलांनीच काढले: लोकल, पाणी आणि तलाव. वहीच्या पानांच्या चिठ्ठ्या झाल्या, खडूचं रिकामं खोकं मतपेटी झालं. पहिल्या रांगेत लोकल ७, पाणी ५, तलाव ४. दुसरीत ७, ४, ५. तिसरीत पुन्हा ७, ५, ४ आणि चौथीत ६, ५, ५. चारही जागा लोकलच्या! मागच्या बाकांवर आरडाओरडा सुरू झाला.

तेवढ्यात तलाव पक्षाची एक मुलगी टेबलापाशी आली. एरवी हजेरीपलीकडे तिचा आवाज कानावर पडत नाही. तिने हरलेल्या चिठ्ठ्या वेचल्या, एकेक उलगडून सरळ केली, कडा जुळवून गठ्ठा केला आणि जिंकलेल्या चिठ्ठ्यांच्या शेजारी ठेवला. इकडे २७, तिकडे ३७.

"मॅडम, एवढ्या चिठ्ठ्यांचं काय झालं?"

वर्ग एकदम गप्प झाला. मग मी खरे आकडे फळ्यावर मांडले. २०१४ च्या लोकसभेत भाजपला सुमारे ३१ टक्के मतं आणि ५४३ पैकी २८२ जागा. बहुजन समाज पक्षाला ४ टक्क्यांहून थोडी जास्त, म्हणजे देशात तिसऱ्या क्रमांकाची मतं, आणि जागा शून्य. २०२४ च्या लोकसभेला महाराष्ट्रात दोन आघाड्यांच्या मतांत एका टक्क्याचंही अंतर नव्हतं, तरी महाविकास आघाडीला ३० जागा आणि महायुतीला १७. त्याच वर्षी विधानसभेला पारडं फिरलं: महायुतीला निम्म्याहून थोडी कमी मतं, पण २८८ पैकी २३० जागा. लाभ कधी याला, कधी त्याला; पद्धत तीच.

कुणीतरी म्हणालं, "पण महापालिकेत एका प्रभागात चार नगरसेवक असतात. तिथे वाटून मिळत असतील." नाही मिळत. अ, ब, क, ड या प्रत्येक जागेची लढत स्वतंत्र असते. ४० टक्के मतदार एका पॅनेलमागे राहिले आणि बाकीचे विखुरले, की चारही जण एकाच पक्षाचे. आमच्या खडूच्या खोक्यात हेच झालं होतं. तीच मतं प्रमाणात वाटली, तर लोकल २, पाणी १, तलाव १.

मी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या बाजूची आहे आणि ते मुलांपासून लपवलं नाही. त्यावर दिवा स्टेशनहून येणारा एक मुलगा उठला. "मॅडम, दिव्याहून सुटणारी लोकल आम्ही किती वर्षं मागतोय. उद्या खासदार मतदारसंघातून न येता पक्षाच्या यादीतून आले, तर निवेदन द्यायचं कुणाला? दिव्याचा खासदार कोण?" मग त्या मुलीकडे वळून म्हणाला, "आणि तुमच्या ३७ मध्ये दोन पक्ष आहेत. सरकार कुणाचं?"

सोळा वर्षांचा मुलगा थेट घटना समितीत जाऊन पोचला होता. जानेवारी १९४९ मध्ये काझी सय्यद करिमुद्दीन यांनी प्रमाणशीर पद्धतीची दुरुस्ती मांडली, तेव्हा बाबासाहेबांनी दोन हरकती घेतल्या: मतदार साक्षर नाहीत आणि सरकार स्थिर राहणार नाही. १९५१ च्या जनगणनेत साक्षरता १८ टक्के होती, तेव्हा पहिली हरकत किती रास्त होती ते कळतं. आज ती उरलेली नाही. दुसरी अजून उभी आहे, आणि तिला उत्तर दिल्याशिवाय माझी बाजू पुढे सरकत नाही, हे मी मुलांना सांगितलं.

दिव्याचा खासदार कोण, या प्रश्नाच्या उत्तराचा एक रस्ता मात्र न्यूझीलंडने दाखवलाय. तिथे १९७८ आणि १९८१ ला जास्त मतं मिळवूनही मजूर पक्ष जागांत मागे पडला. लोक चिडले, १९९३ ला सार्वमत झालं आणि १९९६ पासून मतदाराला दोन मतं मिळाली: एक आपल्या भागातल्या उमेदवाराला, एक पक्षाला. आपल्या विधी आयोगानेही १९९९ मध्ये, १७० व्या अहवालात, लोकसभेत पक्षांच्या यादीतून भरायच्या वाढीव जागांची शिफारस केली होती. ती तशीच पडून आहे, याचं मला फार वाईट वाटतं.

त्याच चिठ्ठ्या घेऊन आम्ही आठ जागांचं गणित मांडलं. रांगांतून आलेले लोकलचे चार कायम राहिले; एकूण जागा मतांच्या प्रमाणात याव्यात म्हणून यादीच्या चार जागा पाणी आणि तलाव यांना दोन-दोन. दिव्याच्या मुलाने ते वहीत पुन्हा करून पाहिलं. मग मान वर केली. "यादीत पहिलं नाव कुणाचं, ते कोण ठरवणार? पक्षाचे साहेबच ना?"

फिनलंडमध्ये मतदार पक्षाच्या यादीतल्या एका उमेदवाराचाच क्रमांक लिहितो आणि त्यावरून आतला क्रम लागतो, हे सांगेपर्यंत तास संपला. अर्थशास्त्राचे सर दारात उभे होते. ती मुलगी अजून टेबलापाशीच होती. आपल्या गठ्ठ्यातून पाण्याच्या १९ चिठ्ठ्या वेगळ्या काढत होती.