लायसियमच्या इमारतीत अडकलेला माझा पगार

कुंडईच्या एका कारखान्याने मला कामावरून काढलं. कामगार न्यायालयाने परत कामावर घ्यायचा निवाडा दिला तेव्हा घरी पेढे वाटले. पण कंपनी उच्च न्यायालयात गेली, स्थगिती मिळवली आणि मी पुन्हा घरी बसलो.

मुंबई उच्च न्यायालयाचं गोवा खंडपीठ तेव्हा पणजीत आल्तिनोवर, पोर्तुगीज काळातल्या लायसियम या शाळेच्या इमारतीत भरायचं. दर तारखेला बसस्टँडवरून चढण चढून जायचो आणि पुढची तारीख घेऊन उतरायचो. सात महिने पगाराचा एक पैसा नाही.

एकदा बाकावर शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या युनियनवाल्या काकांनी माझे कागद चाळले. "पोरा, १७-ब टाकलंस का?" मी हे कधी ऐकलंच नव्हतं. तेव्हा लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायदा, १९४७ मधलं हे कलम. कामावर घेण्याच्या निवाड्याविरुद्ध मालक वर गेला, तर तिथं प्रकरण चालेपर्यंत त्याने कामगाराला शेवटचा पूर्ण पगार द्यायचा. कामगाराने फक्त आपण कुठे नोकरीला नाही असं प्रतिज्ञापत्र द्यायचं. एवढ्या एका कागदापायी सात महिने उधारीवर काढले! अजून चीड येते.

प्रतिज्ञापत्र दिलं, तर कंपनी म्हणे याचा फुलांचा धंदा आहे. माझी बायको म्हार्दोळला देवळापाशी जायांच्या माळा विकते, त्यावरून! पहाटे उठून गुंफते ती, कमाई तिची. ते टिकलं नाही, तेव्हा पगाराचा आकडाच कमी सांगितला. शेवटची पगारपावती सापडेना. कपाटं, ट्रंका, सगळं उपसलं. शेवटी मुलीच्या लसीकरणाच्या कार्डात घडी केलेली मिळाली. शाई उडालेली, पण मूळ पगार आणि महागाई भत्ता वाचता येत होता. पगारपावत्यांच्या झेरॉक्स आजच काढून ठेवा.

मग आदेश झाला आणि पगार सुरू झाला. पासबुकातली ती नोंद बायकोने दोनदा वाचली.

हो, एक राहिलंच. कामगार न्यायालयात जाण्याआधी, मालक-कामगारांत तडजोड घडवणाऱ्या सरकारी समेट अधिकाऱ्याकडे कंपनीचा माणूस येईल म्हणून मी वर्ष घालवलं. त्या कायद्यात, कामावरून काढल्याच्या तक्रारीला तिथं ४५ दिवस झाले की थेट कामगार न्यायालयात जाता यायचं. मात्र काढल्यापासून तीन वर्षांच्या आत.

मार्च २०२१ मध्ये खंडपीठाच्या पर्वरीच्या नव्या इमारतीचं उद्घाटन झालं. कंपनीची याचिका तिथंच फेटाळली गेली. ते काका मात्र पुन्हा दिसले नाहीत, आणि मी त्यांचं नावही विचारलं नव्हतं.